वऱ्हाडचा मनुष्य कोणाचा प्रजाजन?

मास्तरकीच्या सबंध आयुष्यात मी जो शब्द सर्वांत अधिक वेळा लिहिला, तो 'भारतीय' हा होय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ आणि जन्मतारीख यांच्या जोडीला राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असतो. तो भरताना मी कोणाच्या वडिलांस कधी प्रश्न विचारला नाही, की कोणाचे कागद तपासले नाहीत. समोर उभा असलेला मुलगा आपल्या गावचा, त्याचा बाप आपल्या ओळखीचा. मग तो भारतीय नव्हे तर कोण, असा आम्हा सर्व मास्तरांचा सरळ हिशेब होता. या रकान्याच्या पोटात केवढा इतिहास दडलेला आहे, याची जाणीव मला निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याने करून दिली.

हा विद्यार्थी मध्यंतरी जठारपेठेत माझ्या घरी एक चौकशी घेऊन आला. त्याच्या चुलत घराण्यातील एक तरुण इंग्लंडात असतो. त्या तरुणाचे पणजोबा मेहकर तालुक्यातील एका खेड्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी पूर्व आफ्रिकेत गेले. आजोबा आणि वडील तिकडेच जन्मले. आता या पणतवास भारतात केव्हाही येण्याची व हवे तितके दिवस राहण्याची मोकळीक देणारे, ज्यास 'ओसीआय' म्हणतात ते कार्ड हवे आहे. नागरिकत्वाच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन मुलगा व नातू यांच्याप्रमाणे पणतूही या हक्कास पात्र झाला. तथापि मूळ पुरुष २६ जानेवारी १९५० रोजी भारताचा नागरिक होण्यास पात्र होता, हे दाखवावे लागते. विद्यार्थ्याने मला विचारले, "गुरुजी, पणजोबा जन्मले तेव्हा इकडे ब्रिटिश हिंदुस्थानच होते ना? तसे अर्जात लिहून टाकू का?"

मी 'होय' म्हणणारच होतो. पण जीभ अडखळली. कारण मेहकर काय, अकोला काय, किंवा अमरावती काय, इंग्रजी अमलाच्या शेवटच्या दिवसापर्यंत हा मुलूख कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग कधीच नव्हता. येथे जन्मलेला मनुष्य कोणाचा प्रजाजन, याचे उत्तर त्याच्या जन्मभूमीवरून मिळत नसे. ते त्याच्या बापावरून काढावे लागे. आपल्या वऱ्हाडची ही विलक्षण स्थिती आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

हैदराबादच्या दरबाराकडे कंटिन्जंट नावाच्या फौजेच्या खर्चाची मोठी बाकी थकली होती. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत रेसिडेंट कर्नल लो याने २१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौला निजामाशी तह करून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हा मुलूख त्या खर्चाच्या तरतुदीसाठी कंपनीच्या हाती घेतला. हाती घेतला, मालकीचा केला नाही. हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पुढे १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत गेले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. सर सालारजंग यांनी ते सोडविण्यासाठी पुष्कळ खटपट केली, ती व्यर्थ गेली. अखेर ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. त्याप्रमाणे वऱ्हाड सालिना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले, आणि त्याच करारात निजामाचे वऱ्हाडवरील सार्वभौमत्व पुन्हा एकवार मान्य करण्यात आले.

आपल्याकडे मक्त्याने दिलेल्या वावराची जी गत, तीच ही. पेरणार एक, कापणार एक, आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे. फरक एवढाच की येथील मक्ता तहाहयात नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या चालावयाचा होता.

रोजच्या व्यवहारात या भेदाची कोणास दादही नव्हती. डेप्युटी कमिशनर इंग्रजांचा, कचेरी इंग्रजांची, रुपया कलदार, टपालाचे तिकीट व आगगाडीही त्यांचीच. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडून काढून नागपूरच्या चीफ कमिशनराकडे देण्यात आला आणि १९०५ साली सहा जिल्ह्यांचे चार झाले. परंतु कायद्याचा काटा सूक्ष्म असतो. कलकत्त्यास किंवा दिल्लीस मंजूर झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. परराज्यातील अधिकारक्षेत्र समजून तो येथे स्वतंत्र जाहीरनाम्याने लावावा लागे. यासाठी १९४१ साली 'बेरार लॉज ॲक्ट' हा वेगळा कायदा करावा लागला, यावरून ही गोष्ट किती दिवस टिकली ते दिसून येईल.

आता राष्ट्रीयत्वाचे पाहू. त्या काळी ब्रिटिश साम्राज्यात या बाबतीत १९१४ चा कायदा चाले. त्याचा मुख्य नियम जन्मभूमीचा होता. बादशहाच्या राज्यात व त्याच्या निष्ठेत जो जन्मला, तो जन्मतः ब्रिटिश प्रजाजन. वऱ्हाड हे बादशहाचे राज्यच नव्हे. म्हणून येथील भूमीचा जन्म कोणास ब्रिटिश करीत नसे. मग दुसरा नियम येई तो पित्याचा. राज्याबाहेर जन्मलेल्याचा बाप ब्रिटिश प्रजाजन असेल आणि तो बाप स्वतः बादशहाच्या निष्ठेत जन्मलेला असेल, तर मूलही ब्रिटिश प्रजाजन. या नियमाने सामान्यतः एका पिढीनंतर धागा तुटावा. पण त्यास एक पुरवणी जोडलेली होती. तह, सनद, वहिवाट किंवा अन्य कायदेशीर मार्गाने जेथे बादशहाची ब्रिटिश प्रजाजनांवर हुकमत चालते, अशा स्थळी जन्मलेले ब्रिटिश प्रजाजनाचे अपत्य बादशहाच्या निष्ठेतच जन्मले असे समजावे, अशी ती पुरवणी. ही कलमे तुर्कस्तान, चीन वगैरे देशांत राहणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी असत. पण वऱ्हाडास ती तंतोतंत लागू पडे.

याचा परिणाम काय होई ते पाहा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत कापसास सोन्याचा भाव आला, आगगाडी वऱ्हाडातून नागपूरपर्यंत गेली, आणि वकील, कारकून, मास्तर, व्यापारी अशी पुष्कळ मंडळी पुणे, रत्नागिरी, खानदेश या बाजूंनी अकोला-अमरावतीस येऊन राहिली. अशा एका रत्नागिरीकराचा मुलगा अकोल्यास जन्मला तर तो बापाच्या पोटी ब्रिटिश प्रजाजन. त्याचा मुलगाही अकोल्यास जन्मला तरी पुरवणीमुळे पुन्हा ब्रिटिश प्रजाजन. आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, याच मातीत सात पिढ्या नांदलेल्या देशमुखाचा किंवा माळ्याचा मुलगा मात्र निजामाचा प्रजाजन. दोघेही एकाच शाळेत जात, एकाच मास्तराच्या छड्या खात आणि एकाच विहिरीत पोहत. मुलूख ज्याचा खरोखर वडिलोपार्जित, तोच इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने परक्या राजाचा मनुष्य ठरे, आणि जो परवा येथे आला तो घरचा ठरे.

स्त्रियांची स्थिती तर याहूनही चमत्कारिक. आईच्या राष्ट्रीयत्वास या कायद्यात मोलच नव्हते, आणि पत्नीचे राष्ट्रीयत्व पतीच्या मागून जाई. शब्दशः अर्थ लावावयाचा तर अकोल्याची मुलगी पुण्यास दिली की ती बोहल्यावरून उतरताना ब्रिटिश प्रजाजन होई, आणि पुण्याची मुलगी अस्सल वऱ्हाडी घरात आली की ती ब्रिटिश प्रजाजन राहत नसे. सुदैवाने आमच्या आज्या-पणज्यांना या उलथापालथीची कोणी वर्दी दिली नाही.

सार्वजनिक आयुष्यातील दोन थोर नावे घेतली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होईल. रावबहादुर रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे १९१२ साली बांकीपूरच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. त्यांची कर्मभूमी अमरावती. पण जन्म १८५७ साली खानदेशात धुळ्यास, म्हणजे इंग्रजी मुलखात. दादासाहेब खापर्डे यांचा जन्म १८५४ चा, वऱ्हाडातील इंग्रोळीचा; म्हणजे वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर अवघ्या एका वर्षाने, पण निजामाच्या भूमीवर. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रसभा भरली तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या हक्कांसाठी झगडणारी ती सभा त्या वर्षी कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेर भरली होती! या गोष्टीकडे तेव्हा किती जणांचे लक्ष गेले असेल याची मला शंका आहे.

कायदेमंडळाचा प्रश्न आला तेव्हा मात्र सरकारास हा भेद झाकता आला नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडात मतदान होई, उमेदवार उभे राहत, सभा गाजत, निवडणूक होई. पण परराज्याच्या भूमीतून ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळावर सभासद निवडून यावा कसा? यावर तोड अशी काढली की वऱ्हाडात जो निवडून येईल त्याची सरकारने नेमणूक करावी. येणेप्रमाणे लोकांनी निवडलेला प्रतिनिधी कागदोपत्री सरकारनियुक्त ठरे. लोकनायक बापूजी अणे हे यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे. मध्यवर्ती असेंब्लीच्या वृत्तांतात त्यांच्या नावापुढे 'बेरारचे प्रतिनिधी' अशी वेगळी ओळ आढळते, तिचे कारण हेच. ज्यांनी आयुष्यभर सरकारशी झुंज दिली ते सरकारनियुक्तांच्या मालिकेत बसावेत, याला काय म्हणावे!

इकडे निजामाने आपला हक्क सोडला नव्हता. मीर उस्मान अली खान यांनी १९२३ साली वऱ्हाड परत मागणारा खलिता व्हाइसरॉयकडे धाडला, आणि वऱ्हाडी लोकांना स्वतंत्र राज्यघटना देण्याचे आश्वासनही त्यात दिले. लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने त्यास साफ नकार कळविला. देशी संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्तेचा सिद्धान्त पुढे ज्या पत्राच्या आधारे शिकवला जाऊ लागला, ते प्रसिद्ध पत्र हेच. आणि त्याचे मूळ कारण आपले वऱ्हाड होते.

पुढे १९३६ साली नवा करार झाला. निजामास 'हैदराबाद व बेरारचे निजाम' आणि त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हे किताब मिळाले. १९३५ च्या राज्यकारभाराच्या कायद्याचे ४७ वे कलम तर खास वऱ्हाडसाठीच लिहिलेले होते. निजामाचे सार्वभौमत्व चालू असतानाही वऱ्हाड आणि मध्यप्रांत मिळून एकच प्रांत समजावा. 'ब्रिटिश हिंदुस्थान' या शब्दांत वऱ्हाडचाही समावेश करावा. आणि 'बादशहाचे प्रजाजन' असे जेथे म्हटले असेल तेथे निजामाचे 'वऱ्हाडी प्रजाजन' हेही धरावेत, असे त्यात सांगितले होते. फक्त एक अपवाद ठेवला होता. राजनिष्ठेच्या शपथेपुरते ते बादशहाचे प्रजाजन समजावयाचे नव्हते.

सगळे कलम मी पुनःपुन्हा वाचले. पण मन या अपवादापाशीच थांबते. मत देण्यास, निवडून येण्यास, मंत्री होण्यास वऱ्हाडी मनुष्य ब्रिटिश प्रजाजनासारखाच. पण हात वर करून 'मी अमक्याचा' असे म्हणण्याची वेळ आली की तो वेगळा. देशी संस्थानिकांच्या प्रजाजनांसाठी त्या कायद्याच्या परिशिष्टात शपथेचा निराळा नमुना दिलेला होता. माझ्या राजाशी व त्याच्या वारसांशी मी जी निष्ठा बाळगतो ती राखून, या सभेचा सभासद या नात्याने बादशहाशी एकनिष्ठ राहीन, असा त्याचा आशय. कलमाचा सरळ अर्थ लावला तर वऱ्हाडी सभासदाच्या वाट्यास हाच नमुना येतो. आणि समोरच्या बाकावरील सभासद वऱ्हाडी आहे की नाही हे तरी कशावरून ठरवावयाचे? तो राहतो कोठे यावरून नव्हे. पुन्हा त्याच्या बापावरूनच.

पैनगंगेच्या पलीकडे, प्रत्यक्ष निजामी अमलाखालच्या मराठवाड्यातही बापाचे नाव असेच कामी येई. तेथे सरकारी नोकरीसाठी मनुष्य 'मुल्की' असावा लागे. १९१९ च्या मुल्की नियमांप्रमाणे जो जन्माने संस्थानचा प्रजाजन तो मुल्की. पंधरा वर्षांच्या वास्तव्याने व कायम राहण्याच्या प्रतिज्ञापत्राने होणारा तो मुल्की. आणि ज्याच्या जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत असून त्याची पंधरा वर्षे भरलेली होती तोही मुल्की. शेवटच्या कलमामुळे थोरला मुलगा गैरमुल्की आणि धाकटा मुल्की असा प्रसंग एकाच घरात येऊ शके.

बापूजी अण्यांचे नाव वर आले आहे, त्यावरून थोडे विषयांतर करतो. १९४३ ते १९४७ ते सिंहलद्वीपात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. चहाच्या व रबराच्या मळ्यांतील लाखो तमिळ मजुरांचे त्या देशात स्थान काय, हा तेथील मुख्य प्रश्न. अणे परतल्यावर १९४८ साली तेथील सरकारने जो नागरिकत्वाचा कायदा केला, त्यात सिंहलद्वीपात जन्मलेल्या मनुष्यानेही आपला बाप तेथे जन्मला होता, अथवा आजा आणि पणजा दोघेही तेथे जन्मले होते, हे सिद्ध करावे अशी अट घातली. मळ्यावरच्या मजुराजवळ बापाच्या जन्माचा कागद कोठून असणार? लाखो लोक एका कायद्याने कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. पुढे १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार होऊन ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारताने व ३,००,००० सिंहलाने घ्यावीत, उरलेल्यांचे मागाहून पाहावे, असे ठरले. पित्याच्या नावाने हक्क मिळतो, तसा त्याचा कागद नसल्याने हक्क जातोही. त्याचे याहून मोठे उदाहरण आपल्या शेजारी नाही.

१९४७ साली इंग्रज निघाले तेव्हा वऱ्हाडचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. पट्टा देणारा जागेवर होता, घेणाराच चालला होता. निजामाने वऱ्हाडवर हक्क सांगितला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी येथे अकोल्यास मराठी पुढाऱ्यांचा जो करार झाला, त्याच्या मागे वऱ्हाडच्या भवितव्याची हीच चिंता होती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत गेल्या आणि सार्वभौमत्वाचा वाद संपला. पण प्रत्येक मनुष्याच्या राष्ट्रीयत्वाचा निकाल घटनासमितीने लावावयाचा होता.

तो निकाल सोपा नव्हता. मसुदा समितीस या कलमाने जितका ताप दिला तितका एखाद्याच दुसऱ्या कलमाने दिला असेल, अशा अर्थाचे उद्गार डॉ. आंबेडकरांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी समितीत काढले. या वादात जन्मभूमीच्या नियमाविरुद्ध सर्वांत जोराचा हल्ला चढविणारे सभासद होते आपले भाऊसाहेब, डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांचे म्हणणे असे की, केवळ या भूमीवर जन्म झाला एवढ्यावरून नागरिकत्व द्यावयाचे झाले तर भारताचे नागरिकत्व जगातील सर्वांत स्वस्त वस्तू होईल. प्रवासात घटकाभर मुंबईस उतरलेल्या परदेशी दांपत्यास मूल झाले तर तेही भारतीय ठरेल, असा दाखला त्यांनी दिला. म्हणून नागरिक तो, जो भारतीय मातापित्यांच्या पोटी जन्मला व येथे राहतो, असे कलम त्यांनी सुचविले. त्याच सूचनेत, दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला हिंदू वा शीख कोठेही राहत असला तरी त्यास भारतीय नागरिकत्वाचा हक्क असावा, असाही भाग होता.

भाऊसाहेबांविषयी मला अत्यंत आदर आहे. आमच्या भागातील किती घरांत पहिले पुस्तक त्यांच्या शिक्षणसंस्थेमुळे आले याची गणती नाही. तरीही मास्तराच्या नात्याने म्हणावेसे वाटते की त्यांचा मुंबईचा दाखला त्या कलमास लागू पडत नव्हता. नुसता जन्म पुरेसा नव्हता. भारतात कायमचे वास्तव्य, ज्यास कायद्यात अधिवास म्हणतात, तो असण्याची अट मसुद्यात होतीच. धर्मावरून हक्क देण्याचा भागही समितीस पटला नाही. सूचना नामंजूर झाली. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. भाऊसाहेबांचा जन्म १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातील पापळचा, वऱ्हाडी शेतकऱ्याच्या घरचा. म्हणजे १९३५ च्या कायद्याच्या भाषेत ते स्वतः निजामाचे 'वऱ्हाडी प्रजाजन'. ज्या मुलखात बापावरून माणूस कोणाचा ते ठरत असे, आणि त्यामुळे भूमिपुत्रच परका ठरत असे, त्या मुलखातील पुढाऱ्याने मातापित्यांचा नियम मागावा, आणि दिल्लीने भूमीचा नियम राखून ठेवावा!

राज्यघटनेचे ५ वे कलम दोन्ही दारे उघडी ठेवते. भारतात अधिवास असून जो भारताच्या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी कोणीही एक येथे जन्मले, किंवा जो लगतपूर्वीची पाच वर्षे येथे राहिला, तो नागरिक. ८ वे कलम परदेशी राहिलेल्या मंडळींसाठी आहे. जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी अथवा आजा-आज्यांपैकी कोणी १९३५ च्या कायद्यात सांगितलेल्या 'इंडिया'त जन्मले, त्याने वकिलातीत नोंद करून नागरिक व्हावे. येथे 'ब्रिटिश हिंदुस्थान' असा शब्द नाही, 'इंडिया' आहे, आणि त्या जुन्या कायद्याच्या व्याख्येत सर्व देशी संस्थाने येत होती. एवढ्या एका शब्दाने वऱ्हाड, मराठवाडा, बडोदे, कोल्हापूर यांतील भेद पुसला गेला. ही नागरिकत्वाची कलमे बाकीच्या घटनेची वाट न पाहता २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली. त्या दिवशी वऱ्हाडातील बहुसंख्य माणसे, आपल्याला न कळत, एका राजाची प्रजा होती ती एका देशाची नागरिक झाली.

आईचे दार मात्र पुन्हा काही काळ लागले. घटनेने आई किंवा बाप असे म्हटले होते; पण १९५५ च्या कायद्याने परदेशी जन्मलेल्या मुलास नागरिकत्व मिळण्यास बाप भारतीय हवा, असे लिहिले. आई भारतीय असली तरी चालत नसे. ही चूक दुरुस्त होण्यास १९९२ साल उजाडले. आणि भूमीचा नियमही हळूहळू आखडत गेला. १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा, असा निर्बंध आहे. भाऊसाहेबांची जी सूचना १९४९ साली पडली, तिच्यातील मातापित्यांचा भाग येणेप्रमाणे जवळजवळ संपूर्णपणे कायद्यात येऊन बसला आहे. राष्ट्रीयत्वाचा रकाना न विचारता भरण्याची मास्तरांची रीत आता कायद्यास धरून राहिलेली नाही, हे मला फार उशिरा कळले.

पित्याच्या राष्ट्रीयत्वाचा दुसरा जिवंत नमुना मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकास गोव्यात आहे. १९६२ च्या हुकुमाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप वा आजे-आज्या यांपैकी कोणी जन्मले, तो भारताचा नागरिक झाला. ज्यास पोर्तुगीज राहावयाचे असेल त्याने महिन्याच्या आत तसे लिहून द्यावे, अशी सवलत होती. एका गोमंतकीय धर्मगुरूने तसे लिहून दिले. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर त्यांनी ती वाढवून मागितली नाही, खटला झाला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ज्याने परके राष्ट्रीयत्व पत्करले त्यास आपल्या जन्मगावी राहण्यासही परवाना लागतो. उलट पोर्तुगाल त्या जुन्या गोवेकरांस आणि त्यांच्या मुलाबाळांस आजही आपले समजतो. लिस्बनच्या नोंदणी कचेरीत बापाच्या जन्माची नोंद करून पोर्तुगीज पारपत्र मिळविणारे गोवेकर पुष्कळ आहेत. मात्र ते पारपत्र हाती आले की भारताचे नागरिकत्व जाते, आणि ज्या घरात जन्म झाला तेथे राहण्यासाठी तेच ओसीआय कार्ड मागावे लागते, ज्यासाठी माझा विद्यार्थी माझ्याकडे आला होता.

त्यास मी सांगितले, "अर्जात ब्रिटिश हिंदुस्थान लिहू नको. वऱ्हाड लिही, तालुका लिही, आणि पणजोबांच्या जन्माची नक्कल जोड." तहसिलीच्या अभिलेखागारात जुनी कोतवाल बुके असतात. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी देई आणि ती त्यात उतरत असे. विद्यार्थ्याने चार खेपा घातल्या आणि नक्कल मिळविली. वरचा भाग मोडीत होता, म्हणून तो ती वाचून घेण्यास माझ्याकडे आला. तारीख होती, गाव होते, जात होती, बापाचे संपूर्ण नाव होते. आईचे नाव नव्हते. ज्याच्यासाठी सारी खटपट, त्याचेही नाव नव्हते. त्या बुकांत बहुधा ते नसतेच, कारण बारशापूर्वीच वर्दी गेलेली असे. नावाच्या जागी केवळ 'मुलगा' एवढे लिहिले होते. तो मुलगा म्हणजेच पूर्व आफ्रिकेस गेलेले पणजोबा, असे प्रतिज्ञापत्र आता घरातील सर्वांत वडील माणसाने करून द्यावयाचे आहे. त्या गृहस्थांचे वय नव्वदीच्या पुढे आहे आणि ते मेहकरास असतात. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.